मेन्यूत ‘तुम्ही इथे आहात’ दिसत नाही तेव्हा काय होतं? एका डबल भरलेल्या अर्जाची गोष्ट

दिवाळीत गावी गेलो होतो, कळंब तालुक्यात. दुसऱ्याच दिवशी आत्याने फोन पुढे केला. ‘‘बघ रं बाळा, हे काय म्हणतंय.’’ मेसेज दोन ओळींचा होता. अर्ज दुबार आढळल्याने प्रलंबित ठेवला आहे, तहसील कार्यालयाशी संपर्क साधावा.

‘‘दोनदा कशाला भरलास?’’ मी विचारलं.

‘‘मी कशाला दोनदा भरू? मी तर नुसतं कुठवर आलंय ते बघायला गेलते.’’

खरं सांगतो, माझी पहिली प्रतिक्रिया तीच होती जी आपल्यापैकी बहुतेकांची असते: नीट वाचलं नसेल. मग तिला म्हटलं, जसं केलंस तसं परत करून दाखव. फक्त शेवटचं बटण दाबू नकोस.

तिने पोर्टल उघडलं. (नाव सांगत नाही. मुद्दा एका पोर्टलचा नाही.) वर कोपऱ्यात तीन आडव्या रेघा, त्या दाबल्या की मेन्यू: मुखपृष्ठ, योजनेविषयी, नवीन अर्ज, अर्जाची स्थिती, तक्रार, संपर्क. तिने ‘अर्जाची स्थिती’ दाबलं. मेन्यू बंद झाला आणि काहीच झालं नाही, कारण गावात नेटवर्क म्हणजे एक काडी. तिने परत रेघा दाबल्या, परत बोट टेकवलं. या वेळी बोट एक ओळ वर पडलं. पान उघडलं: आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक, कॅप्चा. वर मोठ्या अक्षरांत योजनेचं नाव. मी मागे जाऊन दुसरं पान उघडून बघितलं. आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक, कॅप्चा, वर मोठ्या अक्षरांत तेच योजनेचं नाव.

म्हणजे ‘नवीन अर्ज’ आणि ‘अर्जाची स्थिती’ ही दोन पानं पहिल्या स्क्रीनवर हुबेहूब सारखी. शंका आली म्हणून मेन्यू परत उघडून बघितला तरी सहाही ओळी सारख्याच, निळ्यावर पांढऱ्या. आपण यातल्या कुठल्या ओळीवर उभे आहोत हे सांगणारी एकही खूण नाही. पुढे ओटीपी आला, मग पानाने बँक खातं विचारलं. आत्याला वाटलं परत खात्री करून घेत असतील. तिने इमानदारीत सगळं भरलं.

त्या एका न रंगवलेल्या ओळीपायी तिच्या तहसीलच्या दोन चकरा झाल्या, एक लेखी अर्ज झाला आणि दोन दिवसांची मजुरी बुडाली.

आमच्या धंद्यात या खुणेला ‘ॲक्टिव्ह लिंक’ म्हणतात. तुम्ही ज्या पानावर आहात, मेन्यूतली त्याच पानाची ओळ वेगळी दिसली पाहिजे. ठळक, अधोरेखित, बाजूला जाड पट्टी, काहीही. मोठ्या ॲप्समध्ये ती इतकी ठरलेली असते की आपल्याला जाणवतच नाही. इन्स्टाग्रामच्या खालच्या पट्टीत घराचं चिन्ह भरीव झालं की तुम्ही होमवर आहात. व्हॉट्सॲपमध्ये ‘चॅट्स’भोवती रंगीत गोळी आली की तुम्ही चॅट्समध्ये आहात. ही खूण म्हणजे रेल्वे स्टेशनवरची पिवळी पाटी. कुर्डुवाडीहून लातूरकडे जाताना खिडकीत बसलेला माणूस बार्शी, धाराशिव, येडशी असं पाट्या वाचत जातो, कुणाला विचारावं लागत नाही. एसटीत रात्री तसं नसतं. काचेवर धुकं, बाहेर अंधार, आणि दर वीस मिनिटांनी कुणीतरी कंडक्टरला विचारतं, ‘‘वाशी गेली का हो?’’ आपली कितीतरी सरकारी पोर्टल्स रात्रीच्या एसटीसारखी आहेत. त्यात कंडक्टर म्हणजे सेतू केंद्रातला पोरगा, आणि तो फुकट उत्तर देत नाही.

हा विषय आत्ताच का

कारण गेल्या वर्षभरात फोनवरून सरकारशी बोलणं ही सोय राहिली नाही, सक्ती झाली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. तिथे आधी बाईचा आधार आणि ओटीपी, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि पुन्हा ओटीपी. एकाच कामात दोन सारखे दिसणारे टप्पे. मुदत पुढे वाढवावी लागली. त्याच सप्टेंबरात परंडा, भूम भागात पुराने शेतं खरवडून नेली आणि नुकसानभरपाईसाठी माणसं फोनवर आपलं नाव कुठे दिसतंय का ते शोधत बसली. शेतकरी ओळख क्रमांक, पीक विमा, शिष्यवृत्ती, पोलीस भरती, सगळं असंच आहे. एक मेन्यू, त्यात सहा ते दहा ओळी, आणि चुकीच्या ओळीवर भरलेल्या फॉर्मचा भुर्दंड भरणाऱ्याला.

दुसरीकडे सरकारही वेबसाइटकडे गांभीर्याने बघायला लागलं आहे. २०२५ च्या सुरुवातीला राज्यातल्या कार्यालयांसाठी १०० दिवसांचा कृती कार्यक्रम झाला, त्यात वेबसाइट सुधारणं हा एक ठळक मुद्दा होता. पाठोपाठ १५० दिवसांचा ई-गव्हर्नन्सचा कार्यक्रम आला. आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात निकाल दिला. प्रज्ञा प्रसून या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या. बँक खात्याच्या डिजिटल केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा असं सांगितलं गेलं, आणि त्यांना ते शक्यच नव्हतं. सोबत एका दृष्टिबाधित याचिकाकर्त्याचीही याचिका होती. न्यायालयाने म्हटलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि २० निर्देश दिले.

माझ्या आत्याला डोळ्यांचा त्रास नाही, हातांचा नाही. पण ज्या कारणाने ती अडकली त्याच कारणाने स्क्रीन रीडर वापरणारा अंध विद्यार्थी दहापट जास्त अडकतो. तिने निदान सहा सारख्या ओळी बघितल्या तरी. त्याला त्या फक्त ऐकू येतात.

नियमातली गंमत

मला वाटलं होतं की ही खूण न ठेवणं सरळ नियमाचा भंग असेल. तसं नाही. सरकारी वेबसाइटसाठी जीआयजीडब्ल्यू नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २००९ पासून, आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. सुलभतेसाठी ती जागतिक डब्ल्यूसीएजी २.१ च्या ‘डबल ए’ पातळीचा आधार घेतात. डब्ल्यूसीएजीमध्ये तीन पातळ्या: ए, डबल ए, ट्रिपल ए. वापरणाऱ्याला आपण साइटवर कुठे आहोत हे कळलं पाहिजे, हा निकष त्यात आहे (क्रमांक २.४.८, नावच ‘लोकेशन’). पण तो ट्रिपल ए मध्ये टाकला आहे. म्हणजे ‘असेल तर उत्तम’ या खणात.

आता उलटी बाजू बघा. तुम्ही खूण ठेवलीच, आणि ती फक्त रंगाने ठेवली, तर तुम्ही पहिल्याच पातळीचा नियम मोडता, कारण केवळ रंगावर माहिती सोडायची नाही असं ‘ए’ पातळीच सांगते. डोळ्यांना दिसणारी खूण कोडमध्येही कळली पाहिजे, हेही तिथेच आहे. मग कंत्राटदाराला सोपं काय? खूण ठेवूच नका. तपासणीत पास.

मला हे पटत नाही. बातम्यांच्या साइटवर किंवा कुणाच्या ब्लॉगवर हा निकष ऐच्छिक ठेवला तर चालेल. जिथे मेन्यूतल्या दोन ओळींपैकी एक तुमचं नुसतं स्टेटस दाखवते आणि दुसरी तुमच्या नावावर नवीन नोंद करते, तिथे तो ऐच्छिक असता कामा नये. राज्य सरकारला आपल्या फॉर्म असलेल्या पोर्टल्ससाठी एवढी एक ओळ टेंडरमध्ये घालणं अवघड नाही.

मग हे करायला अवघड काय आहे?

दिसायला काहीच नाही. ब्राउझरला आत्ताच्या पानाचा पत्ता माहीत असतो. मेन्यूतल्या प्रत्येक ओळीमागे एक पत्ता असतो. दोन्ही जुळले की त्या ओळीला वेगळा रंग. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. आणि इथेच सगळे पडतात, मीसुद्धा.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका संस्थेची साइट बनवून दिली होती. मेन्यूची खूण चोख चालायची. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराच्या नावबदलाला केंद्राची मान्यता आली, सप्टेंबरमध्ये जिल्ह्याची अधिसूचना निघाली, उस्मानाबादचं धाराशिव झालं. संस्थेच्या वेब पत्त्यातही जुनं नाव होतं, तेही बदललं. जुना पत्ता टाकला तरी नव्यावर पोचेल अशी सोय केली, सगळ्या लिंक चालत होत्या, मी खुश.

पण मेन्यूत साठवलेले पत्ते जुनेच राहिले होते. क्लिक केलं की जुन्या पत्त्यावरून नव्यावर उडी, पान व्यवस्थित उघडतं, पण तुलना करताना एका बाजूला ‘उस्मानाबाद’ आणि दुसऱ्या बाजूला ‘धाराशिव’. कधीच जुळणार नाही. खूण पूर्ण साइटवरून गायब. मी पूर्ण पत्त्याची तुलना केली होती, खरं तर नावानंतरचा भाग, म्हणजे ज्याला पाथनेम म्हणतात तेवढाच, तपासायला हवा होता. चार महिने मला कुणी सांगितलं नाही. नंतर तिथल्या क्लार्कचा फोन आला की निकालाच्या पानावर बसलेली पोरं ‘निकाल कुठाय’ असं विचारतात. कारण ‘निकाल’ आणि ‘प्रवेश यादी’ दोन्हीकडे नुसत्या पीडीएफच्या याद्या, वर्षानुसार. खूण होती तोवर कुणाला गोंधळ झाला नव्हता.

नेहमीच्या इतर चुका पटकन सांगतो. एका पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ आहे, दुसऱ्याच्या नाही: संगणकाच्या लेखी दोन वेगळी पानं. किंवा ‘पत्ता या शब्दाने सुरू होतो का’ एवढंच तपासलं: मग ‘तुळजापूर यात्रा’च्या पानावर असताना ‘तुळजापूर’ही उजळते आणि मुखपृष्ठ तर कायमच, कारण सगळे पत्ते त्याच तिरक्या रेघेने सुरू होतात. दोन ओळी एकदम रंगलेल्या असणं हे एकही न रंगण्यापेक्षा वाईट, असं माझं मत.

पण खरी मजा मराठी पत्त्यात आहे, आणि इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये ती सहसा वाचायला मिळत नाही.

पानाचा पत्ता देवनागरीत ठेवता येतो आणि बऱ्याच मराठी साइट्स ठेवतात. ब्राउझर मात्र आतून तो टक्क्याच्या चिन्हांत बदलतो. देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे तीन बाइट, प्रत्येक बाइटला तीन अक्षरं. ‘धाराशिव’ या शब्दात काना-वेलांटीसकट सात चिन्हं, म्हणजे ६३ अक्षरांची रांग. (व्हॉट्सॲपवर मराठी बातमीची लिंक पाठवली की जे लांबलचक शेपूट दिसतं ना, ते हेच.) आता मेन्यूत लिहिणाऱ्याने सरळ ‘धाराशिव’ लिहिलं आणि ब्राउझरने पत्ता म्हणून ती ६३ अक्षरं दिली, तर तुलना फसली. कधी दोन्हीकडे टक्क्यांची रांगच असते, पण एकात इंग्रजी अक्षरं कॅपिटल आणि दुसऱ्यात स्मॉल. नियमानुसार अर्थ एकच, पण साध्या तुलनेला ते कळत नाही.

याच्याही पुढचा खड्डा आपल्या लाडक्या अक्षराचा आहे. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द घ्या, महाराष्ट्रातल्या किती पोर्टल्सच्या मेन्यूत असेल विचार करा. त्यातला तो अर्ध्या र चा ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून. दोन, साधा र आणि त्याखाली नुक्ता. तीन, साधा र, हलन्त आणि मग एक अदृश्य जोडखूण. जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरवर शिकलेला ऑपरेटर एक पद्धत वापरतो, फोनचा कीबोर्ड दुसरी. स्क्रीनवर तिन्ही एकसारखे दिसतात. मेन्यू एकाने टाइप केला आणि पान दुसऱ्याने बनवलं की संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द. मी एकदा यावर अख्खी रात्र घालवली आहे, दोन सारख्या शब्दांकडे बघत. पहिल्या दोन प्रकारांना एकत्र आणायला युनिकोडचं नॉर्मलायझेशन पुरतं. तिसऱ्याला तेही लागू पडत नाही, ती पद्धत ओळखून स्वतः बदलून घ्यावी लागते.

म्हणून मी आता शब्दांची तुलना करतच नाही. प्रत्येक पानाला एक आकडा किंवा छोटं नाव द्यायचं, मेन्यूच्या ओळीलाही तेच द्यायचं, आणि सर्व्हरवर पान तयार होतानाच ओळ रंगवून पाठवायची. पत्ता बदलो, भाषा बदलो, जिल्ह्याचं नाव बदलो, खूण हलत नाही. आणि फोनवर जावास्क्रिप्ट उतरायला दहा सेकंद लागले तरी खूण पहिल्यापासून दिसते, जे एका काडीच्या नेटवर्कवर फार महत्त्वाचं आहे.

रंगासोबत आणखी एक गोष्ट लागते. २०१७ च्या डिसेंबरात ‘एरिया’ या मानकाची १.१ आवृत्ती आली, त्यात ‘एरिया-करंट’ नावाची खूण आहे. ओळीवर ती ‘पेज’ या किमतीने लावली की स्क्रीन रीडरला कळतं की हेच चालू पान. तीच खूण ‘स्टेप’ या किमतीनेही लावता येते, म्हणजे पाच टप्प्यांच्या फॉर्ममध्ये तिसरा टप्पा चालू आहे असं. दोन वेळा आधार मागणाऱ्या केवायसीत ही किती उपयोगी पडेल बघा. खर्च: एक शब्द.

फोनवर वेगळा घोळ

वरचं सगळं केलं तरी आत्याची अडचण अर्धीच सुटली असती, कारण फोनवर मेन्यू लपलेला असतो. त्या तीन रेघांचं चिन्ह १९८१ च्या झेरॉक्स स्टार संगणकासाठी नॉर्म कॉक्स यांनी काढलं होतं. छोट्या स्क्रीनवर जागा वाचवायला ते पुढे सगळीकडे आलं. पण रंगवलेली ओळ जर बंद कपाटात असेल तर ती बघायला कपाट उघडावं लागतं, आणि शंका आल्याशिवाय कपाट कोण उघडतं? आत्याला शंका आलीच नव्हती.

म्हणून फोनवर खूण दोन ठिकाणी हवी. मेन्यूत, आणि पानावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत: ‘अर्जाची स्थिती’. योजनेचं नाव त्याखाली लहान चालेल. सध्या बहुतेक ठिकाणी नेमकं उलट असतं, वर योजनेचं नाव, नेत्यांचे फोटो, बोधचिन्हं, आणि पानाचं नाव स्क्रोल केल्यावर. दोन-तीनच महत्त्वाची कामं असतील तर मेन्यू लपवूच नये, खालच्या पट्टीत उघडा ठेवावा, यूपीआय ॲप्ससारखा.

तुम्हाला एखादं पोर्टल तपासायचं असेल तर फोनचा बेडटाइम मोड लावा आणि त्यात स्क्रीन करड्या रंगात जाण्याचा पर्याय चालू करा. मग पोर्टल उघडा. चालू पानाची ओळ अजूनही वेगळी ओळखू येते का? नसेल तर खूण फक्त रंगाची आहे, आणि ज्याला लाल-हिरवा वेगळा दिसत नाही किंवा जो भर उन्हात बांधावर उभा राहून फोन बघतोय त्याच्यासाठी ती नाहीच. स्क्रीनशॉट काढून पोर्टलच्या अभिप्रायाच्या पानावर पाठवा. लिहिताना ‘डिझाइन खराब आहे’ असं लिहू नका, ते कुणी वाचत नाही. ‘स्थिती बघताना नवीन अर्ज भरला गेला, दोन्ही पानं सारखी दिसतात’ असं लिहा, पानांच्या पत्त्यांसकट.

मी तसं लिहून पाठवलं. पोच आली, तक्रार क्रमांक आला. पोर्टल अजून तसंच आहे. आत्याचा दुसरा अर्ज महिन्याभराने रद्द झाला आणि पहिला पुढे सरकला. आता ती स्थिती बघायची झाली की मेन्यूला हातच लावत नाही. मी तिच्या फोनच्या होम स्क्रीनवर त्या एकाच पानाचा शॉर्टकट ठेवून दिला आहे, नाव दिलंय ‘फक्त बघणे’.